‘शेक’, ‘ग्रे’ आणि ‘सेंटिग्रे’

आईच्या रेडिएशनच्या (किरणोपचाराच्या) फायलीत एका कागदावर ‘५० ग्रे, २५ फ्रॅक्शन’ (म्हणजे २५ हप्ते) लिहिलंय, दुसऱ्यावर ‘५००० सेंटिग्रे’. मावशी घाबरली, शंभरपट शेक दिला की काय! आणि या डोसला मराठीत काय म्हणायचं?

— डोस एकच आहे, एककं वेगळी. १ ग्रे = १०० सेंटिग्रे = १०० रॅड (डोसचं जुनं एकक). म्हणजे १ सेंटिग्रे आणि जुना १ रॅड तंतोतंत सारखे. १९७५ साली ग्रे आला तेव्हा डॉक्टरांना रॅडचे आकडे तोंडपाठ होते. सेंटिग्रे लिहिलं की आकडा तोच राहतो, नाव तेवढं बदलतं. रोज २०० सेंटिग्रे, असे २५ दिवस. ग्रे हे ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक लुईस हॅरल्ड ग्रे यांचं आडनाव, रंगाशी संबंध नाही.

— पुस्तकी मराठीत ‘शोषित मात्रा’. मला हा शब्द आवडतो. ‘प्रमाण’ नको, त्यात गुणोत्तराचाही अर्थ डोकावतो.

मग सगळे ‘शेक’ का म्हणतात?

— कातडी काळवंडते, भाजल्यासारखी दिसते म्हणून असेल. पण ऊब जवळपास नसतेच. १ ग्रे म्हणजे किलोमागे १ जूल ऊर्जा. किलोभर पाणी १ अंशानं तापवायला सुमारे ४,१८६ जूल लागतात, तेव्हा २ ग्रेनं तो भाग जेमतेम अर्ध्या सहस्रांश अंशानं तापतो. काम होतं ते पेशींमधला डीएनए तुटल्यामुळे. तरी वॉर्डात ‘शोषित मात्रा’ कोण म्हणणार? शेकच राहू द्या.

— एक सावधगिरी. सीटी स्कॅनच्या कागदावर कधी कधी मिलिसिव्हर्ट (सिव्हर्टचा हजारावा भाग) असतं, सिव्हर्ट हे ग्रेचं दुसरं नाव नव्हे. तिथे किरणांचा प्रकार आणि अवयवाची संवेदनशीलता धरून गुणाकार केलेला असतो. क्ष-किरणांचा गुणक १, अल्फा कणांचा २०. सिव्हर्टचं जुनं भावंड रेम, १ सिव्हर्ट = १०० रेम.

— मात्रा कुठे आणि किती वेळात मिळाली, हेही बघा. सगळ्या अंगाला एकदम ४-५ ग्रे मिळाले आणि उपचार नसले तर साधारण निम्मी माणसं दगावतात. आईचे ५० ग्रे एकाच भागाला, पाच आठवड्यांत विभागून दिलेले. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून असेच किरण देतात, तिथे शंभराच्या आतच ग्रे पुरतात, अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला मात्र किडीसाठी किमान ४०० लागतात. तेच रॅडमध्ये ४०,०००.

मावशीला वाचून दाखवलं. म्हणाली, ‘म्हणजे आंबाही शेकूनच पाठवतात!’