बिग बँग मांडला तो पाद्र्यानंच

बिग बँगनं, म्हणजे विश्व एका अतिघन, तप्त अवस्थेतून प्रसरण पावत आलं या सिद्धांतानं, चर्चची बोलती बंद केली, असं काहीजण म्हणतात. अहो, ती कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचे कॅथलिक पाद्री! विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ सालीच त्यांनी समीकरणांतून दाखवलं, १९३१ मध्ये 'आद्य अणू'ची, म्हणजे सगळं विश्व एका अणूसारख्या सुरुवातीतून निघालं अशी, कल्पना मांडली. 'बिग बँग' हे नाव मात्र ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये रेडिओवर वापरलं, आणि त्यांना तो सिद्धांतच पटत नव्हता. पण म्हणून 'विज्ञानानं बायबल सिद्ध केलं' हेही नको. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांचा सूर थोडा तसा लागला, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच.

आमच्या ठाण्याच्या चाळीत एक ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडच्या मूळ ख्रिस्ती समाजातले) काका होते, फिजिक्सचे मास्तर. रविवारी सकाळी तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये मिसा, दुपारी आम्हा पोरांसमोर गॅलरीत फुग्यावर पेनानं ठिपके काढून तो फुगवायचे; ठिपके एकमेकांपासून लांब जायचे. मी एकदा विचारलं, "काका, मग बायबलमधे सहा दिवसांत जग झालं ते?" तर म्हणाले, "ते चर्चमधे बोलू रे. आत्ता फुग्याचं तोंड धर, हवा जातेय."