फुगे बसतायत, शनिवारी घरी रोझरी आहे – मदत हवी आहे

गोराईची_सून
घाईत लिहितेय. ऑक्टोबरची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) वाडीत घरोघरी फिरते, शनिवारी आमची पाळी. नंतर फुगे द्यायचे ठरलंय. काल अर्धा किलोचे करून बघितले तर सगळे चपटे, आत चिकट, तेल प्यायलेले, चव आंबूस. मोठ्या आजीने एक मोडून बघितला आणि न खाता ताटाच्या कडेला ठेवला. कृती नको, ती येते मला. काय चुकलं तेवढं सांगा.

हौशी_बाबा
फुगे स्वस्तातले घेऊ नका. मुलाच्या वाढदिवसाला आमचेही रात्रीतून बसले होते. हवा भरायचा पंप भाड्याने मिळतो.

खाडीपलीकडचा
बाबा, खायचे फुगे हो! ईस्ट इंडियन लोकांचे, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, ताडी नाहीतर यीस्ट. सोरपोतेलबरोबर (डुकराच्या मटणाचा आंबट-तिखट रस्सा) खाऊन बघा एकदा. ताई, तुम्ही ताडी घातलीत की यीस्ट? किती वेळ ठेवलंत?

गोराईची_सून
यीस्ट. नेहमीइतकाच वेळ.

उत्तनचा_नाखवा
इथेच घोडं पेंड खातंय. यीस्टचा फुगा म्हणजे गोल पाव. आमची आई ताडीत भिजवायची, कधी बिघडले नाहीत. सकाळची ताजी ताडी आणा, काम फत्ते.

खाडीपलीकडचा
नाखवा, तुमच्या आईची ताडी ओळखीच्या झाडाची होती. आज दुकानातल्या ताडीत काय मिसळलंय कोण सांगणार? पोरंबाळं खाणार आहेत.

उत्तनचा_नाखवा
मग सोडावॉटर घाला आणि आनंद माना.

मैद्याचे_हात
भांडण पुढे न्या, आधी ताईंचं बघू. "नेहमीइतकाच" म्हणजे किती तास? यीस्ट किती? नारळाचं दूध गरम होतं का? पीठ ठेवलं कुठे?

गोराईची_सून
किती प्रश्न! यीस्ट दोन चमचे, पाकिटातलं बारीक दाण्याचं. दूध कोमट. रात्री दहाला भिजवलं, सकाळी आठला तळलं. लग्नाला असंच करतो आम्ही. फ्रिज दिरांच्या बोंबलांनी भरलाय, म्हणून टोप माळ्यावर पत्र्याखाली ठेवला. घरात सतरा माणसं, त्यात चार पोरांची सहामाही. ओट्यावर ठेवला असता तर कोणीतरी त्यावर भूगोलाची वही ठेवली असती.

मैद्याचे_हात
सापडलं. तुमच्याकडची लग्नं बहुतेक ख्रिसमसनंतरची ना? तेव्हा रात्री गारवा असतो, पीठ सावकाश येतं. आत्ता पाऊस संपून उकाडा सुरू झालाय, त्यात पत्र्याखाली दहा तास. पीठ मध्यरात्रीच फुगून परत बसलं असणार. आंबूसपणा त्याचाच, आणि बसलेलं पीठ तेल पितं. पिठातली साखर संपली म्हणून रंगही फिकट आला असेल.

गोराईची_सून
हो! पांढुरकेच होते. मला वाटलं तेल थंड होतं.

मैद्याचे_हात
अर्ध्या किलोला यीस्ट एक छोटा चमचा सपाट भरून. दुप्पट झालं की लगेच तळायचं, या हवेत दीड-दोन तास पुरे. पीठ सैलसर हवं, ओल्या मुठीतून अंगठ्यापाशी गोळा वर आला पाहिजे. आच मध्यम ठेवा, मोठ्या आचेवर वरून लाल होतात आणि आत कच्चे राहतात. माणसं किती?

गोराईची_सून
घरचे सतरा, वाडीतले चाळीसेक. माणशी तीन.

खाडीपलीकडचा
म्हणजे १७१! एकट्या तळणार?

गोराईची_सून
जाऊ आहे, पण ती गाणी सांगते. रोझरी साडेसातला. पाच रहस्यं (येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, एकेकावर जप), लितानी (शेवटची विनवण्यांची माळ), गाणी धरून पाऊण तास. तिसरं रहस्य माझ्याकडे आहे, कढई सोडून गुडघ्यावर कशी बसू?

जपमाळ_६२
रहस्यांचा संच वाराप्रमाणे बदलतो. शनिवारी गौरवाची रहस्यं, लक्षात असू द्या. हल्ली कोणीही काहीही सांगतं.

मैद्याचे_हात
२००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्यं दिली, ती गुरुवारी. तेव्हापासून शनिवारी आनंदाची. बाकी मी मैद्यापुरताच जाणकार.

जपमाळ_६२
आम्ही लहानपणापासून गौरवाचीच म्हणतोय. सक्ती नाहीये कोणाची.

गोराईची_सून
आमच्या घरात हेच भांडण गेले चार दिवस चालू आहे. मोठी आजी गौरवाचं म्हणते, पोरं मोबाईल दाखवतात. कृपा करून इथे नको.

मालाडकर_बाय
अवांतर: आगेराला (आमचा सुगीचा सण) चर्चमध्ये आशीर्वादित करायला भाताची कणसं लागतात, आमच्याकडे शेत राहिलं नाही. गोराईत कोणाकडे मिळतील?

उत्तनचा_नाखवा
पेंढीभर देईन, पण ताडीवाल्यांनाच.

मैद्याचे_हात
ताई, पीठ दोन टोपांत भिजवा. पहिला पाच वाजता, तो सात-सव्वासातपर्यंत तळून झाकून ठेवा. दुसरा पावणेसातला, तो लितानी संपेपर्यंत तयार होईल. मग गाण्याच्या वेळी कढई.

काटकसरी_काकू
तळलेलं तेल चिवड्याला वापरू नका, वास लागतो.

गोराईची_सून
आज परत अर्धा किलो केले. दोन तास, टोप खिडकीपाशी. टम्म! तेल अजिबात नाही प्यायले. पहिला घाणा पोरांनी कढईपाशीच संपवला. मोठ्या आजीने दोन खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाली.

मालाडकर बाय, कणसं आमच्या चुलत सासऱ्यांकडे आहेत. पण मोजून देतात.