आईवडील मिस्साला येत नाहीत म्हणून बाळाचा बाप्तिस्मा लांबवावा का?

निर्मळकर

आपल्या वसई धर्मप्रांतात पॅरिश कौन्सिलच्या (चर्चच्या सल्लागार मंडळाच्या) चर्चेत एक सूचना वरचेवर कानावर येते. जे आईवडील रविवारी चर्चमध्ये दिसत नाहीत, त्यांच्या बाळाचा बाप्तिस्मा सहा महिने थांबवा. तोवर त्यांनी नियमित मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यावं, मग तारीख मिळेल. माझा याला ठाम विरोध आहे.

१९८३च्या कॅनन कायद्यातलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यातलं, कलम ८६७ सांगतं की बाळाचा बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हावा. कलम ८६८ मध्ये अटी दोनच: आईवडिलांपैकी किमान एकाची संमती हवी, आणि बाळ कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी. ती आशा मुळीच नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलायचा, तोही कारण आईवडिलांना समजावून. आजी रोज संध्याकाळी रोझरी घेते, आत्या धर्मशिक्षणाला जाते, आळीत क्रूस आहे, अशा घरात आशा मुळीच उरली नाही असं कोण म्हणेल? मिस्साची हजेरी हा त्या आशेचा एक पुरावा झाला. तोच एकमेव पुरावा मानायला कायद्यात आधार नाही.

उलट कायदा जिथे खरोखर कडक आहे तिथे आपण सैल सोडतो. धर्मपिता आणि धर्ममाता (बाळाला श्रद्धेत साथ देणारे गॉडपॅरेंट्स) कोण असावेत हे कलम ८७४ मध्ये स्पष्ट लिहिलंय: वय १६ पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार) झालेलं, ख्रिस्तशरीर (कम्युनियन) स्वीकारलेलं, श्रद्धेला शोभेल असं वागणं, आणि ते बाळाचे स्वतःचे आईवडील नकोत. आपल्याकडे अर्जावर नाव येतं ते नात्यातला मान म्हणून. दृढीकरणाचा दाखला कितीजण जोडतात? चाळणी लावायची तर तिथे लावा.

गासकर

निर्मळकर, तुम्ही कायद्याचं एकच पान वाचून दाखवलंत. २० ऑक्टोबर १९८० रोजी रोमच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने बालकांच्या बाप्तिस्म्यावर सूचनापत्र काढलं. त्यात दोन तत्त्वं शेजारी शेजारी आहेत. बाप्तिस्म्यात दिरंगाई करू नये, हे पहिलं. मूल श्रद्धेत वाढेल याची खात्री वाटावी असं काही समोर हवं, हे दुसरं. ते पुरेसं गंभीर नसेल तर पुढे ढकलायला ते कारण होऊ शकतं, असं तिथे सरळ म्हटलंय. शिवाय ढकलणं म्हणजे नाकारणं नव्हे. त्या काळात फादरांनी त्या घराशी संबंध ठेवायचा असतो.

दुसरं, विधी डोळ्यांसमोर आणा. दाराशी फादर आईवडिलांना विचारतात: बाळाचं नाव काय, चर्चकडे काय मागता? मग त्यांच्यावर येणारी जबाबदारी सांगतात आणि ती समजली का हे विचारतात. धर्ममातापित्यांना तिथे विचारलं जातं ते एवढंच, की या आईवडिलांना साथ द्याल का. पुढे सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली येते, तीही आईवडील धर्ममातापित्यांसह स्वतःच्या तोंडाने देतात. १९६९च्या नव्या विधीआधी धर्ममातापिते बाळाच्या वतीने उत्तरं देत. चर्चने तो भार मुद्दाम आईवडिलांवर आणला. तुम्ही तो पुन्हा धर्मपित्याच्या खांद्यावर टाकताय. ज्यांना कबुली द्यायची इच्छाच नाही त्यांच्याकडून वेदीसमोर 'होय, मानतो' वदवून घेणं मला त्या आईवडिलांवरही अन्याय वाटतो.

नोंदवहीवाला

चर्च ऑफिसच्या बाजूने थोडं लिहितो, कारण सहा महिन्यांच्या अटीचा परिणाम आधी तिथेच दिसतो.

ज्यांना थांबवलं ते क्वचितच सहा महिने मिस्साला येतात. बहुतेकदा ते दुसरीकडे जातात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे आईच्या माहेरचा धर्मग्राम (पॅरिश) हाताशी असतोच. कलम ८५७ प्रमाणे बाळाचा बाप्तिस्मा साधारणपणे आईवडिलांच्या धर्मग्रामात व्हावा, योग्य कारण असेल तर अन्यत्र. माहेरी करायचा तर सासरच्या धर्मग्रामाच्या फादरांचं परवानगीपत्र न्यायचं, ही सरळ वाट आहे. पण ज्यांना इथे नकाराचा अनुभव आला ते पत्र मागायला परत येत नाहीत. बाप्तिस्मा कुठेतरी होतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. आठ वर्षांनी पहिल्या कम्युनियनच्या वेळी दाखला शोधायची धावपळ सुरू होते.

बाप्तिस्म्याची वही जन्मभराची असते हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. कलम ८७७ प्रमाणे तिच्यात बाळाचं नाव, संस्कार देणारा, आईवडील, धर्ममातापिते, बाप्तिस्म्याचं ठिकाण आणि तारीख, जन्माचं ठिकाण आणि तारीख लिहायची. पुढे त्याच ओळीच्या समासात दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा (धर्मगुरूपदाची दीक्षा), कायमची व्रतं यांच्या नोंदी चढतात. म्हणूनच लग्नाच्या वेळी घरातला जुना पिवळा दाखला चालत नाही. समासासकट नवीन उतारा काढावा लागतो, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला. बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला त्याच चर्चमध्ये ही ओळ असते, तुम्ही पुढे मीरा रोडला राहा नाहीतर मस्कतला.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. अर्ज भरताना बाळाच्या जन्मदाखल्यावर आहे तेच स्पेलिंग लिहा, आणि आईचं माहेरचं आडनाव सोडू नका. वहीत एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असं झालं की परदेशात लग्न ठरल्यावर दुरुस्तीसाठी शपथपत्रापासून सुरुवात होते.

आगाशीची धर्मशिक्षिका

मी गासकरांच्या बाजूची आहे, पण सहा महिने हजेरी मोजायला माझाही विरोध आहे. हजेरी मोजली की लोक हजेरी देतात. मागच्या बाकावर बसतात, कम्युनियननंतर बाहेर पडतात, आणि बाप्तिस्मा झाला की दुसऱ्या रविवारपासून दिसत नाहीत.

बाप्तिस्म्याआधीच्या तयारीचा वेळ मात्र हवा, आणि तो भरलेला हवा. आज अनेक ठिकाणी आदल्या शनिवारी तासाभराचा एकच वर्ग होतो. त्यात मेणबत्ती कोणी धरायची, पांढरं वस्त्र कधी घालायचं, फोटोवाल्याने कुठे उभं राहायचं, एवढंच होतं. माझ्या मते चार ते सहा आठवड्यांत तीन भेटी व्हाव्यात. पहिली घरी, शक्यतो लघु ख्रिस्ती समूहातल्या (शेजारच्या कुटुंबांच्या प्रार्थनागटातल्या) एखाद्या जोडप्याने जावं. बाळाच्या खोलीत क्रूस आहे का, घरात कोणती प्रार्थना होते, हे दोघे मिस्सापासून का दुरावले, हे ऐकून घ्यावं. उपदेश करू नये. बऱ्याचदा कारण शिफ्ट ड्युटी असतं, किंवा चर्चमध्ये कोणी बोललेला एखादा कडवट शब्द. दुसरी भेट धर्ममातापित्यांसह, आणि तिच्यात विधीच्या खुणा समजावायच्या: छातीवर दीक्षार्थींचं तेल, तीनदा पाणी, टाळूवर क्रिज्मा (पवित्र सुगंधी) तेल, पांढरं वस्त्र, पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती. तिसरी फादरांबरोबर, त्यागाचे आणि श्रद्धेचे प्रश्न आधी वाचून. या तीन भेटींनंतरही आईवडील म्हणाले की आम्हाला यातलं काही मान्य नाही, फक्त आजोबांचा हट्ट आहे म्हणून आलो, तर पुढे ढकलणंच प्रामाणिक आहे.

हे बाप्तिस्म्याच्या वेळी केलं नाही तर सात-आठ वर्षांनी वर्गात दिसतं. क्रूसाची खूण न येणारं मूल पहिल्या कम्युनियनच्या तयारीला येतं. कलम ९१४ म्हणतं की मुलाला तयार करणं हे आधी आईवडिलांचं काम, आणि कम्युनियनआधी पापनिवेदन व्हायला हवं. घरी कोणी क्षमा मागायला शिकवलेलं नसतं, तेव्हा पापनिवेदनाची वाक्यं पाठ करून घेण्यापलीकडे वर्गात फारसं होत नाही.

गिरीजकर

ताई, तीन भेटी उत्तम. पण तुमचा शेवटचा अपवाद नेहमी कोणावर लागू होतो ते बघा. आई कॅथलिक, वडील हिंदू. किंवा दोघे कॅथलिक, पण लग्न फक्त रजिस्ट्रारकडे झालेलं. या जोडप्यांना आधी लग्नाचं नीट करा, मग बाळाचं बघू, असं सांगितलं जातं. लग्न नियमित करून घ्यावं हे खरं, त्यासाठी मार्गही आहेत. पण बाप्तिस्म्यासाठी ती अट कॅनन कायद्यात कुठेच नाही. २०१४च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये बाप्तिस्मा दिलेल्या बाळांत सिव्हिल विवाह केलेल्या जोडप्याचं बाळही होतं.

मिश्र विवाहात कॅथलिक जोडीदाराने लग्नाआधीच वचन दिलेलं असतं की मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी आणि कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सारं करीन. कलम ११२५ तेच मागतं. सासरचा विरोध पचवून ती बाई बाळाला घेऊन दाराशी येते, म्हणजे ती ते वचन पाळतेय. तिला सहा महिन्यांनी या म्हणणं म्हणजे घरातल्या विरोधाच्या हाती कोलीत देणं. एका पालकाची संमती पुरते हे कलम अशाच घरांच्या कामी येतं.

आणि पैशाचं लिहायलाच हवं. कलम ८४८ प्रमाणे ठरवून दिलेल्या दानापेक्षा जास्त काही मागता येत नाही, आणि गरिबीमुळे कोणाचा संस्कार अडू नये याची काळजी घ्यायची असते. पण खरा खर्च चर्चचा नसतो, हॉल आणि जेवणाचा असतो. जेवण परवडेपर्यंत बाप्तिस्मा थांबवणारी घरं आहेत. रविवारच्या मिस्सातच चार-पाच बाळांचा एकत्र बाप्तिस्मा सर्रास व्हायला लागला तर हा दबाव आपोआप कमी होईल.

गासकर

गिरीजकर, मिश्र विवाहाबद्दल तुमच्याशी सहमत. तिथे आशा दिसतेच. माझा मुद्दा फक्त त्या घरांपुरता आहे जिथे दोघांनाही काही देणंघेणं नाही. आणि घाईचं जुनं कारण आता तितकं धाक घालत नाही. २००७मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मज्ञान आयोगाने बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहेत असं म्हटलं. तयारीसाठी दोन महिने गेले म्हणून बाळ देवाच्या हातून निसटत नाही.

निर्मळकर

त्याच आशेबद्दल बोलताना कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा १२६१वा परिच्छेद उलट दिशेला बोट दाखवतो: म्हणूनच लहान बालकांना बाप्तिस्म्यापासून अडवू नका, ही विनवणी अधिक तातडीची ठरते. दयेवर भरवसा ठेवायचा तो ज्यांना संस्कार मिळू शकला नाही त्यांच्यासाठी. ज्यांना आपण देऊ शकतो त्यांना न देण्याची ती सबब होत नाही.

१९६९च्या विधीत आईवडील पुढे आले हे मला मान्य. पण म्हणून धर्ममातापित्यांच्या अटी ढिल्या झाल्या नाहीत, कलम ८७४ नंतरचं आहे, १९८३चं. कमकुवत घराला बळकट धर्ममाता हवी, हे त्या कलमाला धरूनच आहे. शिक्षिकाताईंच्या तीन भेटी मला मान्य, एका अटीवर: बाप्तिस्म्याची तारीख पहिल्याच भेटीत द्या. तारीख हातात असली की लोक मनापासून येतात. तारीख टांगणीला लावली की ते परीक्षेला बसल्यासारखे येतात.

आगाशीची धर्मशिक्षिका

तारीख आधी देऊन टाकली की तिसऱ्या भेटीला 'पाहुणे यायचेत, वेळ नाही' सुरू होतं. दुसऱ्या भेटीनंतर द्यावी, इतपत मी पुढे येईन.

रुग्णसेवक

थांबवायचं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट प्रत्येक घराला आधीच शिकवून ठेवावी, नाहीतर हा सगळा वाद महागात पडेल. बाळाच्या जिवाला धोका असेल तर फादरांची वाट बघायची नाही. चर्चला जे करायचं असतं तेच करण्याचा हेतू असलेला कोणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, अगदी ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा. साधं पाणी पुरतं, पण ते डोक्यावरून वाहायला हवं आणि त्याच वेळी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने शब्द उच्चारायला हवेत. अतिदक्षता कक्षात डॉक्टरांना विचारून सिरिंजमधून थोडं निर्जंतुक पाणी कपाळावरून वाहू दिलं तरी होतं. चूक होते ती ओला कापूस फिरवण्यात. पाणी वाहत नाही आणि नंतर वैधतेची शंका राहते. शब्दही 'मी' असेच हवेत; 'आम्ही बाप्तिस्मा देतो' म्हटलं तर तो वैध नाही, असं रोमने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय.

बाळ वाचलं तर धर्मग्रामात लगेच कळवा आणि नोंद करून घ्या. पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा नाही. क्रिज्मा तेल, वस्त्र, मेणबत्ती हे राहिलेले विधी चर्चमध्ये पूर्ण होतात. दवाखान्यातलं कोणालाच सांगितलं नाही म्हणून दोनदा बाप्तिस्मा होणं, ही टाळता येणारी गोष्ट आहे.

नवापालक

सगळं वाचलं. आमच्याकडे धर्मपिता म्हणून ठरलेले काका कतारला आहेत, सुट्टी मिळणार नाही. आणि धर्ममाता म्हणून बायकोची मैत्रीण हवी आहे, ती प्रोटेस्टंट आहे. दृढीकरणाचा दाखला कोणाचा लागेल?

नोंदवहीवाला

काकांचा. ते सध्या जिथे मिस्साला जातात तिथल्या फादरांचं पत्र आणि दृढीकरणाचा दाखला मागवा, महिनाभर आधी. त्यांच्या जागी इथे प्रतिनिधी उभा करता येतो. प्रतिनिधी प्रत्यक्ष हजर हवा, व्हिडिओ कॉलवरची हजेरी धरली जात नाही. वहीत धर्मपिता म्हणून काकांचंच नाव लागेल आणि प्रतिनिधीचं नाव सोबत लिहिलं जाईल. काकांनी तसं लेखी कळवलेलं असावं.

मैत्रिणीचा बाप्तिस्मा झालेला असेल तर तिला ख्रिस्ती साक्षीदार म्हणून उभं राहता येतं, पण सोबत एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता असेल तरच. तिच्यासाठी दृढीकरणाचा दाखला लागत नाही, बाप्तिस्म्याचा मात्र सोबत ठेवा. आणि दोघंच हवीत असा हट्ट नको. कलम ८७३ प्रमाणे एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता पुरते. दोन असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री; दोन धर्मपिते लिहिता येत नाहीत. काकांचं दृढीकरण झालेलं नसल्याचं निघालं तर जवळच्या नात्यातली दृढीकरण झालेली एक मावशी बघा आणि अर्जावर तेवढंच नाव लिहा.