मदत हवी आहे : रात्री मोटारसायकल इतरांना ठळक दिसावी यासाठी काय करावे?

नमस्कार. माझे गाव चोपडा तालुक्यात असून अमळनेरला एका दुकानात हिशेबाचे काम करत असल्यामुळे रोज रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास तापीचा पूल ओलांडून मी मोटारसायकलने घरी परततो. गाडी १०० सीसीची, २०१३ सालची आहे. इंजिन सुरू होताच आपोआप पेटणारा हेडलाइट नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून सक्तीचा झाला. माझी गाडी त्याआधीची असल्यामुळे बटण आठवणीने दाबावे लागते आणि दिवेलागणीच्या वेळी ते बऱ्याचदा राहून जाते, हे कबूल करतो. रस्त्यातले खड्डे मला पाठ आहेत, त्यामुळे मला रस्ता दिसण्यापेक्षा मी इतरांना दिसण्याचीच अडचण मोठी आहे.

मागच्या महिन्यात गाईसाठी कडब्याच्या पेंढ्या मागच्या सीटवर बांधून येत असताना मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने जेमतेम हातभर अंतरावर करकचून ब्रेक दाबला. भांडण होईल असे वाटले होते, पण तोच घाबरून म्हणाला, "भाऊ, तू माले दिखनाच नही!" घरी येऊन पाहिले तेव्हा कडब्याची टोके टेललाइटवर लोंबत होती, आणि ती बाजूला सारली तर दिवा मुळात पेटतच नव्हता. मागचा बल्ब दोन तारांचा, २१/५ वॅटचा असतो. त्यातली ब्रेकची २१ वॅटची तार शाबूत होती आणि सतत पेटणारी ५ वॅटची तुटलेली होती. मी आजवर ब्रेकवर पाय ठेवून मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो की नाही एवढेच पाहत आलो, त्यामुळे असा अंधारात किती दिवस फिरलो असेन देव जाणे! बल्ब बदलला, लाल काचेच्या आतली धूळही पुसून काढली.

पुढच्या दिव्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब असून तो बॅटरीवर नाही, इंजिन फिरेल तशी कमी-जास्त वीज देणाऱ्या मॅग्नेट कॉइलच्या एसी करंटवर थेट चालतो. त्यामुळे गतिरोधकापाशी किंवा वळणावर गाडी हळू केली की उजेड पिवळा पडून मिणमिणतो, आणि समोरच्याला मी दिसण्याची गरज नेमकी तिथेच असते. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याच जागी एलईडी बल्ब बसवून पाहिला. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारू लागला, तेव्हा गाडी भिंतीसमोर उभी करून पाहिले. लो बीमवर हॅलोजनचा उजेड एका रेषेखाली थांबत होता, एलईडीचा मात्र वरपर्यंत विखुरला होता. रिफ्लेक्टरची घडण हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेली असते, असे नंतर वाचनात आले. तो बल्ब मी काढून टाकला. समोरच्याचे डोळे दिपवून स्वतः ठळक होणे मला पटत नाही.

आता जाणकारांना विचारायचे आहे ते असे. मागे ओझे असतानाही झाकला जाणार नाही असा दुसरा छोटा टेललाइट कोठे बसवावा? लाल परावर्तक पट्टी मडगार्डवर लावली होती, पण काळ्या मातीच्या चिखलाने ती आठवडाभरात निरुपयोगी झाली. हेल्मेटच्या मागच्या बाजूस लावल्यास उपयोग होतो का? आणि मुख्य म्हणजे, अशा जुन्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर घेतल्यास कॉइल आणि आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलचा एसी करंट बॅटरीजोगा डीसी करणारा भाग) बदलावे लागते का, की आहे त्यावर भागते? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष करून घेतले आहे त्यांनी खर्चासह सांगितल्यास बरे होईल. बॅटरी १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-तासांची असून दिवाळीतच नवी बसवली आहे.