दापोलीहून पनवेल: चौघांसाठी कोणती गाडी परवडेल?

प्रश्न: कृषी विद्यापीठात शिकणारे आम्ही चौघे ऑगस्टच्या सुट्टीत सामानासह पनवेलला जाणार. लायसन्स एकाकडेच आहे. एकजण स्वतःची गाडी दिवसाच्या भाड्याने देतोय. घ्यावी का?

सड्यावरचा: अजिबात नको. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवली की अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी, पिवळी अक्षरं असतात; ड्रायव्हरसह टॅक्सीला पिवळी पाटी, काळी अक्षरं. खेड-महाडमार्गे एका बाजूला दोनशे किमीच्या आसपास. लिटरला १५ धरा, म्हणजे जाऊन-येऊन २७ लिटर. एकट्याने भर पावसात सगळं चालवणं मला तरी पटत नाही.

खाडीपट्टा: टॅक्सी नुसती सोडायला नेली तरी परतीचं भाडं बहुतेक लागतंच. टोल, ड्रायव्हरच्या मुक्कामाचा खर्च कोणाकडे, ते आधीच बोला. सामान कमी असेल तर खेड स्टेशनपर्यंतच गाडी करा, पुढे रेल्वे. मात्र पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, ते बघूनच गाडी ठरवा.

गॅरेजवाला: काळ्या पाटीची घेतलीत तर ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, इंधनाचा काटाही. स्टेपनी, जॅक, वायपरचं रबर तपासा. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने १.६ मिमी चालते, पण ओल्या घाटात ३ तरी हवी. उताराला खालचा गिअर ठेवा, सतत ब्रेक दाबला की तापून पकड जाते. काच धुरकटली तर एसी काचेवर सोडा.