वण की व्रण?

शलाका: आरोग्यपुस्तिकेसाठी जखम भरण्यावर पानभर लिहितेय. ‘स्कार’साठी, म्हणजे जखम भरल्यावर उरणाऱ्या खुणेसाठी, मी ‘व्रण’ लिहिलं, संपादकांनी ‘वण’ केलं. पण ‘मनावरचे व्रण’ आपण सर्रास म्हणतोच ना? शिवाय जखमेच्या कडा आत ओढणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशींना मराठी शब्द हवाय.

नंदाताई: संपादकांच्या बाजूने मी. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. तोच शब्द झिजून वण झाला आणि मराठीत मागे राहिलेल्या खुणेला चिकटला. देवीचे वण आठव. सुश्रुतसंहितेत तर व्रण या नावाची फोडच अशी केलीय की, भरून आला तरी त्याची खूण देह असेपर्यंत जात नाही, म्हणून व्रण. त्या खुणेला तिथे ‘व्रणवस्तु’ म्हटलंय. म्हणजे हा घोळ तुझ्यामाझ्या आधीचा! पण आज जठरव्रण म्हणजे अल्सर, तेव्हा पुस्तिकेत वणच ठेव.

पराग: पेशींचं मी सांगतो, रोज स्लाइडवर बघतो. फायब्रोब्लास्ट या पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे तयार करतात. ‘तंतुजनक पेशी’ चालेल. जखमेतला ताण आणि टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा इशारा मिळाला की त्यांतल्या काहींच्या अंगात स्नायूसारखे अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे पट्टे तयार होतात आणि त्या जखमेच्या कडा आत ओढायला लागतात. याच मायोफायब्रोब्लास्ट. १९७१ मध्ये जिनिव्हाच्या गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी त्या ओळखल्या. जखम मिटली की यांनी मरून जायचं असतं. टिकून राहिल्या आणि कोलॅजन टाकतच बसल्या, तर वण जाड होतो. तोही जखमेच्या हद्दीत असेल तर हायपरट्रॉफिक, हद्द ओलांडून पसरला तर केलॉइड. कान टोचल्यावर काहींच्या पाळीला गाठ येते, ती बहुधा हीच. यकृतात असंच झालं की सिरोसिसकडे, म्हणजे यकृत वणांनी कडक होण्याकडे वाटचाल.

शलाका: ‘आकुंचक तंतुपेशी’ कसं वाटतं?

नंदाताई: शासकीय कोशातून आल्यासारखं. जखम आक्रसते असं म्हणतोच की आपण. ‘जखम आक्रसवणाऱ्या पेशी’ लिही, पुढे एकदा मायोफायब्रोब्लास्ट दे.

पराग: सहमत. रिपोर्टवर तोच शब्द असतो.

शलाका: मग वाक्य असं: ‘या पेशींमुळे जखम आक्रसते, वण उरतो आणि त्वचा पूर्ववत होते.’

पराग: ‘पूर्ववत’ काढा. वणात घामाच्या ग्रंथी नसतात, केस उगवत नाहीत आणि ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत येते. ‘जखम भरून येते’ एवढंच लिहा.