मदत हवी: १५व्या वित्त आयोगाचे पैसे खात्यात पडून, तरी गल्लीचा रस्ता होईना

वेशीबाहेर (धागाकर्ता)
नमस्कार. आमच्या ग्रामपंचायतीच्या खात्यात १५व्या वित्त आयोगाचे साडेअकरा लाख पडून आहेत. आमच्या गल्लीचा काँक्रीट रस्ता करायचा ठराव ग्रामसभेत सगळ्यांसमोर हात वर करून झाला. आता ग्रामसेवक म्हणतात, "पैसे आहेत, पण वापरता येत नाहीत." हे काय गौडबंगाल आहे? तक्रार कुणाकडे करायची, बीडीओ (गटविकास अधिकारी) की जिल्हा परिषदेचे सीईओ? लवकर सांगा, पावसाळा तोंडावर आलाय.

रोकडवही
साडेअकरा लाखांत बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेले) किती आणि अबंधित किती? ते कळल्याशिवाय पुढचं सगळं हवेत.

जोडपत्र_अ
थेट माहिती अधिकार टाका. जोडपत्र अ (अर्जाचा नमुना) भरा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील पंचायत समितीत. आपोआप ताळ्यावर येतात.

वेशीबाहेर
बंधित-अबंधित माहीत नाही. एका सदस्याने पासबुक दाखवलं, त्यात एकच आकडा आहे. ठराव झालाय हे वर लिहिलंच आहे.

रोकडवही
पासबुकात ती फोड दिसत नसते. या निधीचे ६० टक्के बंधित असतात: निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी, निम्मे स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. (२०२०-२१ या पहिल्या वर्षी प्रमाण ५०-५० होतं, त्या वर्षाची शिल्लक असेल तर हिशेब वेगळा.) उरलेले ४० टक्के अबंधित. रस्ता फक्त त्यातूनच होतो. त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही, पण पथदिव्यांची वीजबिलं भरायला शासनाने मुभा दिलेली आहे. म्हणून बऱ्याच गावांत अबंधित आधी संपतं आणि बंधित साचत जातं. तुमचे साडेअकरा लाख बहुतेक त्यातलेच. ग्रामसेवक बोलले ते खोटं नसावं, अर्धवट आहे.

पाहायचं कुठे? ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर लॉगिन लागत नाही. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा आणि वर्षाच्या कामांच्या मंजूर आराखड्याचा अहवाल उघडा. प्रत्येक कामापुढे कोणत्या निधीतून आणि किती रकमेचं ते लिहिलेलं असतं. 'मेरी पंचायत' ॲपवरही जमा-खर्च दिसतो. आधी एवढंच बघा: २०२५-२६ च्या आराखड्यात तुमचा रस्ता आहे का?

जोडपत्र_अ
संकेतस्थळावरचं छापून कोणी तक्रारीला जोडतं का? साक्षांकित प्रत हवी. माहिती अधिकाराशिवाय ती मिळणार नाही.

रोकडवही
जे उघड्यावर आहे त्यासाठी ३० दिवस कशाला घालवायचे? ग्रामसभेचं इतिवृत्त मात्र संकेतस्थळावरून मिळेलच असं नाही, ते अर्जानेच मागावं, हे मान्य. पण राज्याच्या नियमात एक अर्ज म्हणजे एकच विषय आणि १५० शब्द. तुमच्या अर्जात रोकड वही, इतिवृत्त, आराखडा, अंदाजपत्रक असं सगळं एकत्र कोंबलं तर परत येतो.

जोडपत्र_अ
"१५व्या वित्त आयोगाच्या निधीची सन २०२४-२५ ची माहिती" हा एकच विषय होतो. त्यात नमुना ५ ची रोकड वहीही आली. अपिलात टिकतं.

ठोकळा
तुमचं चालू द्या, मी कामाचं विचारतो. गल्लीची लांबी-रुंदी किती? गटार आहे का? जलजीवनची पाइपलाइन त्या गल्लीतून जाणार आहे का? जाणार असेल तर आधी पाइप, मग गटार, मग काँक्रीट. क्रम चुकला तर सहा महिन्यांत ब्रेकर लावून तोच रस्ता फोडतात आणि ठिगळ कधीच जमत नाही.

वेशीबाहेर
लांबी साधारण १२० मीटर, रुंदी ३ मीटर. गटार नाही. पाइपचं माहीत नाही. आराखडा बघितला, आमचा रस्ता त्यात नाही!! ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेतला. मग ठरावाला काय अर्थ?

रोकडवही
विषयपत्रिकेवर होता की 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात?

वेशीबाहेर
ऐनवेळचे.

रोकडवही
बरं. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी चालते. गावाने यादी आधीच्या सभेत मंजूर केली असेल तर तुमचा ठराव इतिवृत्तात राहिला आणि यादीत चढलाच नाही. ई-ग्रामस्वराज प्रणालीत कामाचा क्रमांक तयार झाल्याशिवाय त्यावर एक रुपयाही काढता येत नाही, ठराव कितीही जोरात झालेला असो. उपाय आहे: ग्रामसभेत विषयपत्रिकेवर विषय घेऊन पुरवणी आराखडा मंजूर करायचा. सूचक आणि अनुमोदक यांची नावं लिहून घ्या. गणपूर्ती म्हणजे १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातला कमी आकडा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे मूळ सभेच्या पत्रिकेवरचेच विषय चालतात, नवीन घुसवता येत नाही.

नळपाणी
बंधित निधी एवढा शिल्लक आहे तर टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) नीट घ्या. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. कोरडी पावडर टाकीत ओतू नका. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाका. अर्ध्या तासाने शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) घ्या, पाणी पिवळं झालं पाहिजे. तिथे ०.२ पीपीएम क्लोरीन मिळायला हवा. पिवळं झालं नाही तर पावडर जुनी आहे. गोणी उघडी राहिली की क्लोरीन ३३ टक्क्यांचा १५ टक्केही उरत नाही.

वेशीबाहेर
मी पाण्याचं विचारलंच नाहीये!

नळपाणी
रस्त्यावर गाळ चालतो, टाकीत चालत नाही.

ठोकळा
१२० × ३ मीटर, १५ सेंमी जाडीने ५४ घनमीटर एम-२० काँक्रीट. खाली मुरूम दाबून घ्या, नाहीतर कडा खचतात. दर साडेचार मीटरवर सांधा कापा. मधून दोन्ही बाजूंना ५० मीटरला १ असा उतार, म्हणजे दीड मीटरमागे ३ सेंमी. गटार नसेल तर हे पाणी दारात जाणार आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही दुसरा धागा काढणार. गटार मात्र बंधितच्या स्वच्छता भागातून बसतं, सांडपाणी व्यवस्थापन म्हणून. शोषखड्डाही.

रोकडवही
सांडपाण्याचं गटार बसतं. पावसाच्या पाण्याचा नाला बसवताना अंदाजपत्रकात नाव काळजीपूर्वक घालतात, तिथेच लेखापरीक्षणात आक्षेप निघतात.

ठोकळा
घरांचं पाणी त्यात येतं, म्हणजे सांडपाणीच. आक्षेप काढणारा कशावरही काढतो.

रोकडवही
घरांच्या जोडण्या मोजून दाखवा म्हणतात, तेव्हा कळतं. अंदाजपत्रकात जोडण्यांची संख्या लिहा, एवढंच म्हणणं आहे.

अकरा_वाजता
गावात स्वच्छतेची गरज पूर्ण झाली असेल तर त्या भागाचे पैसे पाण्याकडे वळवता येतात, ग्रामसभेने तसं प्रमाणित केलं आणि वरच्या यंत्रणेने दुजोरा दिला तर. पण रस्त्याकडे नाही. लोक इथेच गल्लत करतात. आणि सरपंच निवडून आलेले आहेत की प्रशासक? निवडून आलेली समिती नसेल तर पुढचा हप्ताच येत नाही.

वेशीबाहेर
सरपंच मार्चमध्ये बदलले. त्याचा काय संबंध?

रोकडवही
फार मोठा संबंध! हे पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं. पैसे निघतात ते सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल सहीने. नवीन सरपंचांची डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) नोंदवून पंचायत समितीतून मंजूर करून घ्यावी लागते. ती नसेल तर देयक अडकतं, मग ते रस्त्याचं असो की टीसीएलचं. विचारा: डीएससी नोंदली का? मागच्या महिन्याचं खातं प्रणालीत बंद केलं का? आधीचा महिना उघडा राहिला तरी पुढची प्रमाणकं (व्हाउचर) होत नाहीत. "वापरता येत नाहीत"चं हेही कारण असू शकतं.

जोडपत्र_अ
हेही माहिती अधिकारात विचारता येईल.

रोकडवही
चहा घेऊन विचारलं तरी कळेल.

वेशीबाहेर
विचारलं. डीएससी खरंच प्रलंबित आहे. बंधित ९ लाखांच्या आसपास, अबंधित अडीच. शिवाय ग्रामसेवक म्हणाले, गल्लीचा वरचा निम्मा भाग गावठाणात नाही, गट नंबरमध्ये आहे. रस्ता त्यांच्या वहीत नाही.

अकरा_वाजता
मग खरी अडचण ही आहे, वरचं सगळं त्यानंतर. नमुना २३ म्हणजे रस्त्यांची नोंदवही. त्यात नसलेल्या रस्त्याच्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळणार नाही. खासगी गटातून जात असेल तर सगळ्या मालकांचं लेखी संमतीपत्र घ्या. सातबाऱ्यावरची सगळी नावं, बहिणींची सुद्धा. त्यावर ग्रामपंचायतीचा ठराव आणि मग नोंद. एक नाव सुटलं तर काम सुरू झाल्यावर मनाई हुकूम येतो.

ठोकळा
गावठाणातला खालचा ६० मीटर आधी उरका. २७ घनमीटर. गटार बंधितमधून, रस्ता अबंधितमधून, दोन वेगळी कामं म्हणून पुरवणी आराखड्यात टाका. पावसाआधी फक्त गटार होईल. काँक्रीट दिवाळीनंतर.

वेशीबाहेर
दोन कामं एकाच ठरावात चालतील?

रोकडवही
ठराव एक चालेल, पण त्यात दोन्ही कामं, दोन्ही रकमा आणि दोन्ही निधी वेगळे लिहा. नोटीस सात दिवस आधी लागली की नाही तेही बघून ठेवा, फलकाचा फोटो काढा.